बॉनेटवरची लाट

शारजा, गुरुवार, १२ मार्च १९६४

आज जेवण गेलं नाही. कासिमसमोर ताट तसंच राहिलं.

इलेक्ट्रॉनची लाट म्हणजे खरोखर काही हलत नसतं, ते उत्तर काढण्यापुरतं गणित, हे माझं म्हणणं. कासिमशी आठवडाभर मीच वाद घातला. रत्नागिरीच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर फिजिक्स शिकलो, पण तो सहजी ऐकणारा नव्हे. काल कुठे त्याला पटलं.

आणि आज वर्कशॉपमध्ये तेच इंजिनिअर साहेबाला हौसेनं सांगायला गेला. जीपच्या धुळकट बॉनेटवर बोटानं लाट काढून म्हणाला, "साहेब, ही फक्त कागदावर असते."

साहेब हसला. "मग तुमचा रेडिओ कशावर चालतो?"

कासिम गडबडला. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "मूळ म्हणणं याचं. हा सांगेल."

रेडिओची लाट वेगळी, ती खरीच असते, एवढंच तर सांगायचं होतं. मी म्हणालो, "मला यातलं काही कळत नाही, सर."

का म्हणालो? नोकरी जाणार होती का? तसं काहीच नव्हतं. साहेब हसत होता, एवढंच. त्यानं रुमालानं ती लाट पुसली, तेव्हा मीही हसलो. सुटताना जीपजवळून आलो, तर बॉनेटवर पुसलेली तेवढीच जागा चकाकत होती. कासिमनंही ती पाहिली.

जेवताना धीर करून म्हटलं, "कासिम, साहेबाला तू सांगितलंस ते बरोबर होतं."

त्यानं रोटी माझ्याकडे सरकवली. "तुला कुठं कळतं त्यातलं? जेव."