स्ट्रायकर आणि चोवीस रोल

१२ ऑगस्ट
आजपासून रोजनिशी. मोठे खेळाडू पुढे आत्मचरित्र काढतात तेव्हा त्यांना तारखा आठवत नाहीत. मला आठवतील.
सध्या नॉर्वेत, खालच्या लीगमध्ये स्ट्रायकर. तात्पुरता. करार ३१ ऑक्टोबरला संपतो. वाढला नाही तर परत आफ्रिकेत, गावी तामालेला, मामाच्या टायरच्या दुकानात. म्हणून ठराव: तोवर दहा गोल. आतापर्यंत शून्य. म्हणजे दहाच्या दहा शिल्लक आहेत.

१५ ऑगस्ट
प्लॅस्टिकच्या गवतावर सराव. कोच तोरगेर शाळेत सुतारकाम शिकवतो आणि फुटबॉलही तसाच शिकवतो, पट्टी लावून. मी एका दमात तिघांना चकवलं. तो म्हणाला, फुसेनी, त्यातले दोघे आपलेच होते. बारीकसारीक गोष्टींत अडकणारा माणूस. असा कोच कुठे पोचणार?

१९ ऑगस्ट
अपमान! टीम मॅनेजर रागनहिल्डने प्रत्येकाच्या पुढ्यात टॉयलेट पेपरचे दहा गठ्ठे आदळले. एका गठ्ठ्यात चोवीस रोल. दारोदार विकायचे, त्यावर म्हणे क्लब चालतो. इथे याला श्रमदान म्हणतात, आणि सांगताना कोणी हसतही नाही.
मी म्हटलं, बाई, मी प्रोफेशनल आहे. ती म्हणाली, आपला गोलकीपर दातांचा डॉक्टर आहे, तोही विकतो. गोलकीपर म्हणाला, घे रे, तुझे पाय नाहीतरी मोकळेच असतात. डॉक्टर असून विनोद करतो. याच्याकडे दात काढायला कोण जातं?
ठराव: एक रोलही विकणार नाही.

२१ ऑगस्ट, संध्याकाळी सात
एकच घर केलं. गुडवेग आजी, वय ब्याऐंशी. या देशात दार उघडलं की थेट विचारतात, केवढ्याला? रानटी लोक. आमच्याकडे घर कसंय, झोप लागते का, गुरंढोरं बरी आहेत ना, म्हातारी माणसं कशी आहेत, एवढं झाल्याशिवाय कोणी मुद्द्यावर येत नाही. मी सगळं रीतसर विचारलं. गुरं नाहीत. बहीण दवाखान्यात आहे. झोप लागत नाही. दोन तास गेले, चार कप कॉफी. निघताना आजी म्हणाली, तीन गठ्ठे ठेव, आणि परत ये. एकटी बाई, बहात्तर रोल! या लोकांना अंदाज म्हणून नाही.

२ सप्टेंबर
गठ्ठे संपले. मी विकले नाहीत, चाहत्यांनी नेले. रागनहिल्डने आणखी चाळीस दिले. जनसंपर्क म्हणून ठेवून घेतले.
मॅचमध्ये बाकावर. तोरगेर मला राखून ठेवतोय.

१४ सप्टेंबर
सत्तराव्या मिनिटाला उतरलो. समोर मोकळा गोल, सहा पावलांवर. चेंडू पार्किंगमध्ये. हे गवत खेळण्यासाठी नाहीच. तोरगेर डोकं धरून बसला, भावुक झाला असावा.
पण स्टँडमधून माझ्या नावाचा गजर! अख्खी रांग उभी. हात हलवत जवळ गेलो. पुढचे म्हातारे गृहस्थ ओरडले, फुसेनी, गुरुवारी ये रे, मऊवाले दोन!
गुरुवारी सराव असतो. बघू.

१८ सप्टेंबर, गुरुवार
सरावाला गेलो नाही. पाय दुखत होता. मऊवाले दोन पोचवले.

२८ सप्टेंबर
शहरातल्या मोठ्या क्लबचा माणूस मॅचला आला! करडं जाकीट, हातात वही. मी चाळीस मिनिटं वॉर्म-अप केला. गोलकीपर ओरडला, अरे बस आता, तो बघून दमला. जळतो. त्या माणसाने रागनहिल्डशी बोलताना माझ्याकडे दोनदा बोट केलं.
लगेच फोन: मामा, तयारी ठेव. मामा म्हणाला, कसली रे? मी म्हटलं, पत्रकार येतील.

५ ऑक्टोबर
करड्या जाकिटाचा निरोप आला. मी त्यांच्याकडे येऊन, क्लबसाठी रोल विकणाऱ्या पालकांपुढे एक भाषण करावं. विषय: विक्रीला गेल्यावर सुरुवात कशी करावी. हे वरवरचं आहे. खरा डाव असा उघड सांगत नसतात.

३० ऑक्टोबर
क्लबची बैठक. मी दाराशी उभा. तोरगेर म्हणाला, मुलगा गुणी आहे, पण फुटबॉल त्याच्याने होत नाही. अध्यक्षांचा माशांचा धंदा आहे, बोलतातही मासे तोलल्यासारखं. ते म्हणाले, तेरा वर्षांत पहिल्यांदा रोलची शेड रिकामी झालीय. हा कुठेही जाणार नाही. दोन वर्षांचा करार!
कागद पुढे आला. सहावीत शाळा सोडली, म्हणून सावकाश वाचला. काम: विक्रीप्रमुख. खाली बारीक अक्षरात: गरज पडल्यास, डावा विंगर.
मी पेन खाली ठेवलं. ताठ उभा राहून म्हणालो, मी डावा विंगर नाही.
रागनहिल्ड म्हणाली, बरोबर आहे त्याचं, उगाच ओझं कशाला. आणि तिने ती ओळ खोडली.
तोरगेरने पहिल्यांदाच माझ्या पाठीवर थाप मारली.
सही केली. मामाला अजून फोन केला नाही. उद्या सकाळी आठला ट्रक येतोय, माल उतरवून घ्यायला मलाच जावं लागेल.