पुलाच्या अलीकडचा मामा

बालाघाट, १२ जानेवारी

चि. सौ. कमलास, खेमराजदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू आधी रडतेस, मग ऐकतेस, म्हणून पत्र. वाटेतल्या राजेगावच्या पुलाच्या भीतीनं खुशीच्या बारशाला गोंदियाला आलो नाही. आता लग्नात मात्र तिले मांडवात मामाच आणेल. डॉक्टरीणबाई म्हणतात, भीतीसमोर थोडं थोडं उभं राहायचं. धडधड बसेपर्यंत हलायचं नाही. सुरुवात पुलाच्या फोटोपासून. तुझ्या वहिनीनं तो देवघरात लावून त्याले कुंकूही वाहिलं. रोज आंघोळ करून पुलाचं दर्शन घेतो.

जावईबापूंना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा दादा

गोंदिया, २५ फेब्रुवारी

ती. दादास, कमलाचा सा. न. वि. वि.

पुलाच्या तोंडाशीच तू घामानं भिजून गेलता, असं वहिनीनं कळवलं. मले राहवलं नाही. लग्न बालाघाटलाच करू. व्याहीही हौ म्हणाले. आता फोटो उतरव, देवांना जागा होईल.

तुझ्या मायेची सवय आहे, मोडू नको.

कमला

बालाघाट, ३ मार्च

चि. सौ. कमलास, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून इतकं हलकं वाटलं, की घाबरलोच. पुलावरून माघारी फिरलो की अगदी असंच वाटायचं. बाई म्हणाल्या, या हलकेपणावरच भीती पोसते. आपल्या घरात तर तिले पाहुणीसारखं वाढतात. तुझी वहिनी हात धरून चालायची, शेजारचे दुलीचंदभाऊ डोळे मिट म्हणायचे. बाईंनी दोघांनाही घरी बसवलं.

आता मधल्या खांबापर्यंत एकटा जातो. ट्रक गेला की पूल हलतो, मीही हलतो. मग दोघंही थांबतो. लग्न गोंदियालाच ठेव. नाहीतर मी जन्मभर पुलाच्या अलीकडचाच मामा.

रागावलो नाही, एवढं समजून माया ठेव.

दादा

गोंदिया, ४ मे

ती. दादास, सा. न. वि. वि.

लग्नाच्या सकाळी गाडीतून उतरून तू पूल पायी ओलांडलास. मधेच थांबलास, तेव्हा तुले घ्यायला खुशीसोबत आलेली मी या टोकावरून धावतच सुटणार होते. खुशीनं पदर धरला. मामाले उभं राहू दे, म्हणाली. नवा फेटा बांधून तू उभा, अन् तुले पोलीस समजून ट्रकवाले गाडी हळू करत होते! मग चालू लागलास. मांडवात खुशीचा हात धरला होतास, तेव्हा तुझा हात कोरडा होता म्हणे.

आता ती सासरी आहे. तिच्या खोलीत मले जाववत नाही. हे म्हणाले, कुलूप लावू. मी नको म्हटलं. आज दारात उभी राहिले, धडधड बसेपर्यंत. उद्या उंबरा ओलांडीन.

पूल आता पाठ झाला आहे, तेव्हा माया पत्रातून नको, घेऊन ये.

कमला