तात्यांच्या दहाव्याचं एक मिनिट

दिघी, मंगळवार

तीर्थस्वरूप आप्पांस,

परवा सकाळी नदीघाटावर गेनबातात्यांच्या दहाव्याला मोठा पडदा लागणार, हे आत्ताच त्यांच्या आदिनाथने फोन करून पक्कं केलं. त्यावर एक मिनिटाची ॲनिमेशन फिल्म दाखवायची आहे आणि ती मी करतो आहे. सुतकात नमस्कार करत नाहीत, म्हणून तो तेराव्यानंतर. गुडघा कसा आहे? ऑपरेशनमुळे तुम्हाला तळेगावातच पडून राहावं लागलं, धाकट्या भावाचं शेवटचं दर्शनही झालं नाही, याचं आम्हा सगळ्यांना वाईट वाटतं. (औषधं वेळेवर घ्या.)

माझा बेत साधा होता. काळ्या पडद्यावर नांगराच्या तासासारखी एक रेघ उमटते. तीच शिरोरेषा. तिच्याखाली ‘गेनबा’ ही अक्षरं एकेक करून उगवतात. मग ‘ग’ची उभी दांडी आडवी होते आणि कंपनीच्या गेटचा दांडा बनते, कारण जमीन गेल्यावर तात्यांनी त्याच जमिनीवरच्या गेटवर वॉचमनकी केली. (आपल्याच जुन्या बांधावर उभे राहून लोकांना पास विचारायचे.) दांडा वर जातो आणि मागून तात्यांचा चेहरा येतो, त्यांच्या हर्षालीच्या लग्नातला, हसरा. ते हसलेत असा तेवढा एकच फोटो सापडला. तो अर्धं मिनिट राहणार होता.

गवराकाकूंना लॅपटॉपवर सुरुवात दाखवली. “मला वाचाया येत न्हाई रं,” म्हणाल्या. “त्यांचं त्वांड दिसू दे म्हंजे झालं. डोळं मिटलं तरी येत न्हाई बघ म्होरं.”

तेवढ्यात मी आदिनाथला नुसतं विचारलं, खाली ‘शोकाकुल’ म्हणून कुणाची नावं घालू? (चाकणकडच्या माणसाला हे विचारायचं नसतं, हे मी दिघीत राहून विसरलो.) संध्याकाळपर्यंत सगळ्या भावकीची नावं आली. मग सोयरे, मग मित्रमंडळ, मग दूध डेअरीचे चेअरमन. नावं मिनिटात बसावीत म्हणून मी ती भराभर वर सरकवली, तर भावकीतले रंगराव भडकले. “माझं नाव पळालं की राव! मी काय चोर हाय का?” त्यांचं सावकाश केलं, तर सगळ्यांनाच सावकाश हवं झालं. आणखी एक मिनिट मागितलं, तर प्रवचनकारांना लगेच दुसऱ्या गावचा दहावा आहे.

तात्या आता कोपऱ्यात तिकिटाएवढे उरलेत आणि त्यांच्या हनुवटीवर चेअरमन आहेत. मी कुरकुर केली तेव्हा आदिनाथ म्हणाला, “भावा, तात्यांना सगळ्यांनीच बघितलंय. ही नावं कुठं कुणी बघितलीत?” वडील गेल्यापासून तो नीट जेवलेला नाही, आणि यंदा पंचायतीला उभाही राहणार आहे. त्याला काय बोलणार?

बाकी ठीक. सर्वांना सांभाळा.

तुमचा पुतण्या,
सुजित

ता. क. : आप्पा, पहिलं नाव तुमचं आहे. ‘माझं काढा’ असं तुम्हीच लिहून दिलंत, तर खालच्या कुणाला तोंड उघडता येणार नाही. सख्ख्या भावाचं नाव नाही म्हटल्यावर रंगराव काय बोलणार? हे पत्र आमची वर्षाली उद्या तळेगावला कंपनीत जाताना देईल. दोन ओळी लिहून संध्याकाळी तिच्याजवळच द्या. फोन नको; फोनवर तुम्ही काय बोललात ते आदिनाथ मानणार नाही, तुमचं अक्षर मानेल.

ता. क. दुसरा : शेवटी ‘अक्षरं व चित्रं : सुजित’ अशी ओळ आहे, तीही काढतो. (वर्षालीने आताच दाखवून दिलं, सगळ्यांत मोठा टाइप त्या ओळीचाच होता.)

परवा सातला पडदा सुरू होईल. काकूंना अगदी पुढच्या सतरंजीवर बसवणार आहोत. तुमची चिठ्ठी आली, तर तात्या त्यांना अर्धं मिनिट दिसतील. नाही आली, तर सगळं गाव आपापलं नाव वाचत असेल आणि काकू शेजारणीला विचारत राहतील, “आलं का त्ये?”