नानाजींच्या ताटातला भात

मु. सावली, बुधवार, भर दुपार

चिरंजीव दिव्यानीस,

मामाचे भरघोस आशीर्वाद. तुझी सर्दी गेली का, मेसची पोळी अजून चामड्यासारखीच असते का, आणि तुझ्या प्रयोगशाळेतले उंदीर (त्यांची प्रकृती विचारायची दर वेळी राहून जाते) खुशाल आहेत का, ते कळव. इकडे तुझी आई बरी आहे, धान घरात आलं आहे, माझा घसा उत्तम आहे. हा घसा महिन्याभरापूर्वी बसला असता, तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं.

दिवाळीत तू लग्नपत्रिकेच्या पाठीमागे यकृताचं चित्र काढून मला समजावत होतीस. यकृताच्या कर्करोगाची पेशी आपलं खाणंपिणं कसं बदलते, निरोगी पेशीपेक्षा कितीतरी जास्त साखर कशी ओढते, इथपर्यंत मी ऐकलं. एवढ्यात आरमोरीच्या व्याख्यानाची गाडी दारात आली आणि मी उठलो. 'मामा, अर्धंच झालंय,' असं तू मागून ओरडलीस. मी पाठ न वळवता हात हलवला. (वक्त्याला अर्धं पुरतं, असा माझा तेव्हा समज होता.)

पुढे शाळेच्या पटांगणात आरोग्य शिबिर झालं. बोलावलेले डॉक्टर वाटेत अडकले, म्हणून दहा मिनिटं सांभाळा असं सांगून आयोजकांनी माईक माझ्या हाती दिला. मी सव्वा तास सांभाळलं. चाळीस वर्षं मी दारूविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, अंगारे-धुपाऱ्यांविरुद्ध बोलत आलो आहे. पण इतकी ताजी माहिती आणि इतका नीच शत्रू मला कधी मिळाला नव्हता. हा शत्रू साखरेवर जगतो, म्हणालो. आपला भात पोटात गेल्यावर साखरच होतो, म्हणालो. तेव्हा रसद तोडा, उपाशी मारा त्याला! टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेत आपले शेजारी नानाजी बसले होते. त्यांच्या यकृतात कर्करोगाची गाठ सापडून तीनच आठवडे झाले होते. खरं सांगायचं तर मी त्यांच्याकडे बघूनच बोलत होतो. माझ्या लहानपणच्या मित्राला मला धीर द्यायचा होता.

दुसऱ्या दिवसापासून नानाजींनी भात सोडला. भातापाठोपाठ पोहे, मुरमुरे, आंबील, सगळंच. (पोळी त्यांना आधीपासून आवडत नाही.) आपल्याकडे भात पोटात गेला नाही, तर दहा पदार्थ खाऊनही माणूस जेवला नाही असं धरतात, हे तुला सांगायला नको. उरली वांग्याची भाजी आणि पाणी. महिन्यात त्रेपन्न किलोंचे सेहेचाळीस झाले, आणि गाव म्हणत होतं, पत्रूभाऊंच्या भाषणाचा गुण येतो आहे!

परवा सोमवारी त्यांना नागपूरला नेलं. अंगातली प्रतिकारशक्ती जागी करणारं इंजेक्शन त्या दिवशी सुरू व्हायचं होतं. डॉक्टरबाईंनी वजन पाहिलं, नानाजींना चार पावलं चालवलं आणि म्हणाल्या, अशा अंगाला हे औषध झेपणार नाही. नीट जेवा, ताकद भरून तीन आठवड्यांनी या. गाठ काही तीन आठवडे थांबून राहणार नाही, हे त्या बोलल्या नाहीत. पण ते सगळ्यांना ऐकू आलं. मग त्यांनी विचारलं, यांना उपाशी कोणी ठेवलं? इंदुताईंनी, म्हणजे नानाजींच्या कारभारणीनं, माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता मन लावून वाचला.

त्या दिवशी तू फोनवर उरलेलं अर्धं सांगितलंस, ते मला असं समजलं. यकृत म्हणजे गावाचं कोठार. तिथल्या पेशीनं साखर साठवायची आणि ज्याला लागेल त्याला वेळेवर सोडायची. हीच पेशी फिरली की स्वतःच खात सुटते. तेही धड नाही. ओलं लाकूड जळावं तसं अर्धवट जाळते आणि आंबट आम्ल आजूबाजूला सांडत राहते. तिला मारायला आलेल्या आपल्या लढाऊ पेशींना तिथे खायला साखर उरत नाही, त्यात ते आम्ल. त्या गळून जातात. काही तर उलट आपल्याच सोबत्यांना गप्प बसवू लागतात. आणि माणसानं जेवण तोडलं तरी गाठीचं फारसं अडत नाही. शरीर आपले स्नायू मोडून साखर बनवतं. म्हणजे महिनाभर नानाजींच्या मांड्या झिजल्या आणि गाठ जेवत राहिली. मी रसद तोडली ती आपल्याच फौजेची. चुकलं असेल तर दुरुस्त कर. या वेळी मी उठून जाणार नाही.

हे सारं घेऊन मी काल नानाजींकडे गेलो आणि चूक कबूल केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पत्रूभाऊ," ते म्हणाले, "त्या दिसी तू बोलला तं माह्या अंगावर काटा आला. आज काईच नाई आला."

"अरे, डॉक्टरबाई पण हेच सांगून राह्यली ना!"

"तिले काय मालूम? तिनं तुहं भाषण आयकलं काय?"

इंदुताई दारातूनच म्हणाल्या, "भाऊजी, तुमी कॅन्सरले नाई, ह्याईले उपाशी मारून राह्यले. काऊन बोलले तुमी इतकं चांगलं?"

दिव्यानी, माझ्यावर पुष्कळ टीका झाली आहे. एकदा टोमॅटोही आले होते. पण चांगलं बोलल्याबद्दल आजवर कोणी जाब विचारला नव्हता. लोक ऐकत नाहीत म्हणून चाळीस वर्षं मी ओरडत आलो. एका माणसानं शब्द न् शब्द ऐकला, आणि तो माझ्यासमोर रिकामं ताट ठेवून बसला आहे.

प्रकृतीस जप. वेळेवर जेव.

तुझा,
पत्रूमामा

ता. क. १ : मुख्य काम राहिलंच. शेवटी नानाजी म्हणाले, "दिव्यानीनं लिवून धाडलं तं मानीन. फोनवर नको, फोनवर तू मंधातच बोलते." तेव्हा त्यांना एक पत्र लिही. भात खावा असं स्पष्ट लिही, आणि पत्रूमामाला या विषयातलं ओ की ठो कळत नाही, हेही लिही. माझी भीड धरू नकोस.

ता. क. २ : नानाजींना मोतीबिंदू आहे आणि इंदुताईंना तुझं अक्षर लागत नाही, म्हणून ते पत्र मलाच वाचून दाखवावं लागेल. 'मामा मूर्ख आहे' हे वाक्य जरा दमदार लिही. मी ते पूर्ण आवाजात वाचणार आहे. त्यांच्या अंगावर काटा यायला हवा.

ता. क. ३ : हे मिळताच टपालानं पाठव. पत्र आलं की इंदुताई चूल पेटवतील आणि मी वाचायला बसेन. एकच पान लिही. माझं वाचन लांबून भात निवायला नको.