शक्य आणि संभाव्य

१४ तारीख, शनिवार

ती. ताईस,

नमस्कार. तू बरी असशील असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. मी बरी आहे. खिडकीतल्या कुंड्या जगल्या, गुडघा अधूनमधून कुरकुरतो.

तुझं पत्र मिळालं. बाबा गेल्यापासून वर्षभर तू माझा फोन उचलला नाहीस आणि आता एकदम चार पानं? तीन पानं तब्येत, भाचीचं कॉलेज, नवा रंग दिलेली खोली. चौथ्या पानावर एकच प्रश्न. ‘तू आत गेलीस तेव्हा पट्टा कुठे होता?’ खरं सांग, हा तुझा प्रश्न की तुझ्या वकिलाचा? धाकटीकडून लेखी काढून घ्या, असं त्यानं सुचवलं असणार. दुधानं तोंड पोळलंय, मी ताकही फुंकून पिते.

ऑफिसातही तेच. आमच्या कंपनीवर सध्या नऊ दावे चालू आहेत, सगळे मनगटी पट्ट्याचे. म्हातारं माणूस पडलं की घरच्यांना फोन लावायचा, एवढंच त्याचं काम, आणि नऊ वेळा तो गप्प राहिला. वार्षिक अहवालात या दाव्यांचं पान मी लिहिते. कंपनी हरेल का, यावर प्रत्येक दाव्यापुढे एक शब्द टाकायचा: नगण्य, शक्य किंवा संभाव्य. नव्या मुलींना मी सांगते, शक्य म्हणजे पाऊस येईलही, संभाव्य म्हणजे छत्री घेऊन निघा. नगण्य असेल तर दाव्याचा उल्लेखसुद्धा होत नाही.

सातवा दावा तुझा. लग्नानंतर माझं आडनाव बदललं, त्यामुळे साहेबांना आपलं नातं ठाऊक नाही, अशा भ्रमात मी होते. सोमवारी कंपनीच्या वकीलसाहेबांनी ती फाईल स्वतः माझ्या टेबलावर आणून ठेवली. कधी नव्हे ते कॉफीही मागवली.

“ही तुम्हीच बघा,” म्हणाले. “पट्टा टेबलावर सापडला होता ना? मग प्रश्नच मिटला. नगण्य.”

फाईल उघडली. पहिल्याच पानाला पट्ट्याची पावती टाचलेली, कर्मचारी सवलतीतली, माझ्या नावाची. पाणी कुठे मुरतंय ते मला तेव्हा कळलं. त्यांना सगळं माहीत होतं. मी गप्प राहीन हेसुद्धा.

मी ‘नगण्य’ लिहिलं.

ताई, त्या दिवसापासून मला सगळ्यांचा संशय येतो. शिपायाचा, लिफ्टमध्ये हसणाऱ्या बाईचा, तुझ्या पत्रातल्या रंगवलेल्या खोलीचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. बाबांच्या हट्टीपणाच्या गोष्टी मी किती जणांना सांगितल्या! अंघोळीला जाताना पट्टा काढून ठेवायचे, ऐकायचेच नाहीत, वगैरे. तू एकटीच म्हणत राहिलीस की ते काढत नव्हते, रोज संध्याकाळी फोनवर तुला तसं सांगायचे. सगळ्यांसमोर मी तुला वेडी ठरवलं.

पट्टा हातात होता, ताई. बाबा बाथरूमच्या फरशीवर पडलेले, अंग गार पडलं होतं, आणि मनगटावर हिरवा दिवा लुकलुकत होता. हिरवा म्हणजे सगळं ठीक. मीच तो त्यांच्या हातात बांधला होता, मोठ्या तोऱ्यात, आमच्या कंपनीचा आहे म्हणून. मला नोकरी दिसली. डॉक्टरांच्या आधी मी पट्टा सोडला आणि टेबलावर ठेवला. बाबांना नीट हाकसुद्धा मी त्यानंतर मारली. याची मला इतकी लाज वाटते की आरशात बघवत नाही.

काल ‘नगण्य’ खोडून ‘संभाव्य’ लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं: पट्टा हातातच होता, मी काढला. साहेब अजून बोलावत नाहीत. दार मात्र आतून लावून बसलेत.

प्रश्न तुझा असो की वकिलाचा, उत्तर तेच आहे. हे पत्र त्याला दे. माफी मागत नाही, ती मागायला समोर यावं लागेल आणि तू दार उघडशील का, ठाऊक नाही. वकिलाला ‘तुझी धाकटी’ चालणार नाही, म्हणून लहानपणापासूनचं ते नाव आज गाळते आणि कोर्टात चालेल अशी पूर्ण सही करते, तारखेसकट.

(सही)
१४ तारीख