मधल्या सुट्टीतला तेरेरे

चि. निमिया,
काकुपेची माता तुला सुबुद्धी देवो.

मधल्या सुट्टीत तुझे शिक्षक गोल बसून एकाच पेल्यातून गार तेरेरे प्यायचे. मुख्याध्यापिका झाल्याबरोबर तू ते बंद केलंस, आणि त्याच वेळेत आपुलकीवर व्याख्यानं ठेवलीस! काल तुझे भावोजी म्हणाले, "कुणाची आई आजारी, कुणाला वर्ग आवरत नाही, सगळं त्या पेल्याबरोबर कळायचं. आता काय भिंतीशी बोलू? मी बदली मागतोय." एकवीस वर्षं शिकवलेली शाळा सोडतायत गं!

संतापून लिहिलं खरं, तरी हे पत्र टपालात टाकवत नाही. बसून गप्पा मारणारी माणसं आळशी, हे लहानपणी तुला मीच शिकवलं.

तुझी ताई,
सुनिल्दा