हेरल्डचे नवे बुश

३ जून ९४
सेल्वम मेकॅनिक सकाळी आला. आमच्या जुन्या हेरल्ड गाडीचं पुढचं चाक धरून हलवलं, खाली वाकून पाहिलं. "बुश गेले, अम्मा. लोखंडावर लोखंड घासतंय." चाकाचा आर्म गाडीला जोडतो तिथलं रबर. विकून टाका म्हणाला, हल्ली सगळे मारुती घेतात. मी म्हटलं, बदल. इथेच, अंगणात.
हे तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, खुर्चीत बसलेले. अर्धांगाला आठ महिने झाले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कान शाबूत. म्हणून अंगणातच.

५ जून
जुने बुश निघेनात. जाळून काढले. रबराचा काळा धूर थेट तिण्णैवर. ह्यांना खोकला. सेल्वम म्हणाला, सारना आत नेऊ? राहू दे म्हटलं, त्यांचीच गाडी आहे.
तीस वर्षं स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. मंजूच्या वेळी, पाचवा महिना, ओरत्तनाडूच्या रस्त्यावर गाडीत उलटी झाली. मला उतरवलं. घरी जाऊन सीट धुतली, मग न्यायला आले.

६ जून
ह्यांना तमिळ वाचता येतं, देवनागरी नाही. वही त्यांच्यासमोरच लिहिते. आज बराच वेळ वहीकडे बघत होते.

९ जून
नवे बुश बसले. गाडी जॅकवर. सेल्वम बोल्ट आवळायला लागला तसे हे ओरडायला लागले. डावा तळवा खाली, खाली, खाली. मला लगेच कळलं. गाडी चाकांवर उभी करूनच आवळायचे, नाहीतर रबर पिळून फाटतं. दर मेकॅनिकला शिव्या देऊन सांगत, पाठ झालंय.
सेल्वम म्हणाला, "सार काय म्हणतात?"
"भूक लागली असेल."
आतून दहीभात आणला, भरवला. तोंडात घास असला की ओरडता येत नाही. मग सेल्वमला म्हटलं, "थांब. आधी गाडी खाली घे. भार आल्यावर आवळ."
"बरोबर, अम्मा! कोणी सांगितलं तुम्हाला?"
"कोणी सांगायला कशाला हवं?"
ह्यांनी घास गिळला नाही. हनुवटीवरून ओघळला. पुसायला मी जरा उशीर केला.

१० जून
लाज वाटेल म्हणून दिवसभर वाट पाहिली. नाही वाटली.

२ जुलै
सेल्वम रोज सकाळी शिकवतो. क्लच जमला. मद्रासहून मंजूचा फोन. "अम्मा, अप्पांना किती वाईट वाटत असेल." वाटतं की, म्हटलं. तिने विषय बदलला.

२४ जुलै
लायसन आलं. ह्यांना उचलून पुढे बसवलं, पापनाशमच्या रस्त्याने नेलं. खड्ड्यातही आवाज नाही. "ऐकलंत? काही वाजत नाही." ते समोर बघत होते. गाल ओले.
कालव्याच्या पुलाअलीकडे त्यांचा डावा हात दाराच्या कडीवर गेला. मी पाहिलं. वेग कमी केला नाही. पूल संपेपर्यंत हात तिथेच. मग मांडीवर आला.
घरी आल्यावर विचारलं, उद्या परत जायचं? मान हलवली. हो. साडेनऊ महिन्यांत कशाला तरी पहिल्यांदा हो.
त्यांच्या बाजूचं दार लॉक करायचं का, अजून ठरवलेलं नाही.